सिस्टर म्हणाली, ठीक आहे

त्या माणसाला दारुडा ठरवून घालवलं, याचा राग माझ्या मनातून गेलेला नाही, आणि आता या वयात तो जाईल असं वाटतही नाही. दारूचा थेंब त्याच्या पोटात नसायचा. मी कंपनीच्या क्लिनिकची नर्स होते, माणूस किती पावलांवरून प्यायलेला ओळखू येतो ते मला कुणी शिकवायला नको. त्याच्या अंगाला वास यायचा तो पेपरमिंटच्या गोळ्यांचा आणि गुडघ्यांना चोळायच्या मलमाचा. पण तीन साहेबांनी मिळून ठरवलं की खलास! खरं काय ते माहीत असलेली मी एकटी होते. मी अर्धं बोलले आणि अर्धं गिळून बसले. तेव्हा माझ्यावर चिडायचं असेल तर आत्ताच चिडून घ्या, माझी ना नाही.

आम्ही वसईचे. सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हा नवऱ्याला कतारमध्ये, दोह्याला, एका बांधकाम कंपनीत ड्राफ्ट्समनची नोकरी लागली आणि वर्षभरात मलाही त्याच कंपनीच्या क्लिनिकात घेतलं. लोक म्हणाले, नशीबवान आहात, दोघं एका ठिकाणी. कसलं नशीब! दोघांचा व्हिसा एका कंपनीचा, दोघांचे पासपोर्ट एकाच कपाटात आणि कपाटाची किल्ली प्रोजेक्ट मॅनेजरच्या खिशात. एकाची नोकरी गेली की दोघांचं बिऱ्हाड उठणार. दोह्यातल्या मन्सूऱ्यात दोन खोल्या होत्या, खाली मल्याळ्याचं किराणा दुकान होतं, तिथे ओला नारळ आला की तो जिन्यातून हाक मारायचा. बरं चाललं होतं, खोटं कशाला बोलू.

क्लिनिक म्हणजे साइटच्या फाटकाजवळची पत्र्याची केबिन. डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे. बाकीचे दिवस मीच डॉक्टर, मीच कंपाउंडर आणि मीच दुभाषी, कारण कामावर सातारा, सांगली, रत्नागिरीकडची माणसं पुष्कळ, आणि त्यांचं हिंदी असं की ऐकणाऱ्यानं कपाळाला हात लावावा.

तो अमेरिकन तिथे सेफ्टी ऑफिसर म्हणून आला. पहिल्या दिवशी केबिनच्या दारातून आडवा होऊन आत शिरला. मान एवढी जाड की डोकं कुठे संपलं आणि खांदे कुठे सुरू झाले ते कळेना. पंचेचाळिशीचा असेल, पण चालताना साठीचा वाटायचा. गुडघ्यांना बर्फ मागायला आला होता. बर्फाची पिशवी देताना त्याचे हात दिसले, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो, ही बोटं कुठल्या दारात सापडली?" दहा बोटं दहा दिशांना!

"फुटबॉल," तो म्हणाला.

मला वाटलं, थट्टा करतोय. माझा धाकटा भाऊ आमच्या चर्चच्या टीममधून फुटबॉल खेळायचा. त्याचा फार तर घोटा सुजायचा. तेव्हा ह्या बाबाने मला त्यांच्याकडचा फुटबॉल काय असतो ते सांगितलं, आणि पुढची चार वर्षं बर्फाची पिशवी विरघळेपर्यंत थोडं थोडं सांगतच राहिला.

अकरा वर्षं तो पगारी खेळाडू होता. त्याच्या गावात लोखंडाचा कारखाना, बाप तिथेच भट्टीवर. पोरगं दांडगं आहे म्हणून कॉलेजने उचललं, कॉलेजमधून एका क्लबने उचललं. त्याची जागा सगळ्यांत पुढच्या रांगेत. समोर त्याच्यासारखाच आडदांड गडी. खेळ सुरू झाला की दोघांनी एकमेकांवर जाऊन आदळायचं, उठायचं, परत रांगेत उभं राहायचं, परत आदळायचं. एका मॅचमध्ये साठ-सत्तर वेळा.

"आणि बॉल?" मी विचारलं.

"बॉल अकरा वर्षांत एकदा हातात आला. तोही कुणाच्या तरी हातून सुटला आणि मी नेमका त्याच्यावर पडलो."

"म्हणजे फुटबॉलवाले तुम्ही, आणि बॉलला तुमचा हात नाही की पाय नाही? मग लावायचं काय?"

"डोकं, सिस्टर," तो म्हणाला आणि हसला.

मला नाही हसू आलं. डोक्यावर डोकं आपटून गडी पडला की त्यांचा डॉक्टर धावत यायचा, नाकाला उग्र वासाची बाटली लावायचा आणि दोन बोटं वर धरून विचारायचा, किती? तो नेहमी दोनच धरायचा. सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळे पडलेला माणूस डोळे न उघडताच म्हणायचा, दोन. शाबास, जा खेळायला! मी नर्स आहे हो, माझा संताप संताप झाला. आमच्याकडे एडक्यांच्या टकरी लावणारे लोकसुद्धा टक्कर झाल्यावर एडक्याच्या कपाळाला हळद लावतात. आणि ह्यांचे शिकलेसवरलेले डॉक्टर!

रांगेत त्याच्या उजव्या हाताला एकच गडी सात वर्षं उभा असायचा. त्याचा जिवलग. ह्याच्या डोक्यात घंटा वाजत असली, आपण कुठल्या गावात खेळतोय हेही आठवत नसलं, की तो ह्याचा शर्ट मागून धरायचा, तोंड बरोबर दिशेला फिरवायचा आणि कानात सांगायचा, समोरच्यावर जा. लांबून कोचला काही कळायचं नाही. कळलं असतं तर बाकावर बसवलं असतं, आणि बाकावर बसलेल्याची जागा दुसरा घेतो. "फार चांगला माणूस होता," तो म्हणायचा. शेवटी गुडघे गेले. एका सकाळी त्याने क्लबमधलं आपलं कपाट उघडलं तर आत दुसऱ्याचे बूट. कुणी साधं तोंडाने सांगितलंसुद्धा नाही. पुढे बायको सोडून गेली, मग तेलविहिरींवरची कामं, सेफ्टीची परीक्षा, आणि असा फिरत फिरत तो कतारला आला.

ऑफिसातल्या बाकीच्या गोऱ्या साहेबांना त्याचा खेळ म्हणजे पोरखेळ वाटायचा. मुद्दाम त्याला एकच विनोद दोनदा सांगायचे, तो दुसऱ्यांदाही हसला की एकमेकांना डोळे मारायचे. लाज नाही वाटली मेल्यांना! त्याचं विसरणं माझ्याही लक्षात आलं होतं. शर्टाच्या खिशात एक वही असायची. आपल्या ड्रायव्हरचं नाव, घराकडे वळायची खूण, कुणी काय सांगितलं, सगळं त्यात. आपल्या डोक्यावर आपला भरवसा नाही हे त्याला कळलं होतं, आणि त्याने ते माझ्यापासून लपवलं नाही.

पण आपल्या कामात त्याला कुणी नावं ठेवू शकत नव्हतं. एक नियम त्याने असा धरला की मॅनेजरच्या तळपायाची आग मस्तकात गेली: कुणाच्या डोक्याला मार लागला, तर तीन दिवस तो परांचीवर चढणार नाही. जमिनीवरचं काम द्या, बसवून ठेवा, पण वर नाही. आणि बोटं मोजायची नाहीत. तो माणसाला एका पायावर उभा करायचा आणि आठवड्याचे वार उलटे म्हणायला लावायचा. आता आमच्या माणसांना धडधाकट असताना वार उलटे येत नव्हते, मार लागल्यावर कुठून येणार? सगळेच नापास! तेव्हा मी त्याला म्हटलं, साहेब, ह्यांना त्यांच्या गावाहून बाजाराच्या गावाला जाणाऱ्या एसटीचे थांबे विचारा. ते झोपेतसुद्धा चुकणार नाहीत. माणूस नवीन आला की त्याचे थांबे त्याच्या कार्डावर लिहून ठेवू, आणि मार लागला की उलटे म्हणायला लावू.

त्याला ते इतकं आवडलं की त्याने टेबलावर थाप मारली तर माझी औषधाची बाटली खाली पडली. तेव्हापासून आमच्या क्लिनिकात कार्डावर रक्तगटाखाली एसटीचे थांबे असायचे. कार्ड मराठीत मी लिहायची, उत्तरं मी ऐकायची, आणि तो नुसता माझ्या तोंडाकडे बघायचा. ठीक आहे की नाही, हे मी सांगायचं.

आता ऐका. पाटणचा एक स्कॅफोल्डर होता, परांच्या बांधणारा, पस्तिशीचा, अंगाने काटक, वानरासारखा वर चढायचा. एका दुपारी वरच्या मजल्यावरून लोखंडी क्लॅम्प सुटला आणि त्याच्या डोक्यावर बसला. हेल्मेट होतं म्हणून वाचला. स्वतःच्या पायांनी चालत आला, डोक्याला ओला पंचा गुंडाळलेला. अमेरिकन त्याच्या मागोमाग लंगडत आला आणि स्टुलावर बसला.

मी कार्ड काढलं. पाटण, नवारस्ता, मल्हारपेठ, निसरे, सुपने, कराड. म्हटलं, उलटे सांग बघू.

"कराड," तो म्हणाला. मग म्हणाला, "सुपने." निसरे काही आठवेना. मग परत म्हणाला, "कराड."

आणि लगेच, अमेरिकनकडे न बघता, अगदी थांबेच सांगतोय अशा आवाजात बोलला, "शिष्टरबाई, डोळ्याम्होरं अंधारी येतीया. पर सायबाला सांगू नगासा. मागल्या म्हैन्यात दोघास्नी अनफिट लिवून इमानात घातलं. तुमी आपल्या हायसा."

दोघांना घातलं होतं, ते खरंच होतं. तीन दिवस बसवून ठेवायचा नियम अमेरिकनचा. पण बसलेल्यांची यादी मॅनेजरच्या टेबलावर जायची, आणि तो त्यातून परत पाठवायची माणसं निवडायचा. हे अमेरिकनला ठाऊक नव्हतं, मला होतं.

"सगळं ठीक, सिस्टर?" अमेरिकनने विचारलं.

मी म्हणाले, "ठीक आहे."

"नक्की?"

"नक्की."

त्याने खिशातली वही काढली, लिहिलं, आणि त्या माणसाच्या पाठीवर थोपटून "यल्ला, चल" म्हणाला. पुढे लंगडत निघून गेला. मी त्या माणसाला दोन गोळ्या दिल्या आणि दम भरला की दोन दिवस वर चढलास तर तंगडी मोडीन. तो हो म्हणाला. आपली माणसं तोंडावर हो म्हणतात, हे वसईत जन्मून मला ठाऊक नव्हतं होय?

दुसऱ्या दिवशी सकाळी तो वर चढला आणि दुसऱ्या टप्प्यावरून खाली आला. घसरला नाही, बघणारे म्हणाले, उभ्या उभ्या डोळे मिटले आणि पडला. जीव वाचला. डावी बाजू गेली आणि जीभ जड झाली. महिनाभर हॉस्पिटलात होता, नंतर स्ट्रेचरवर घालून मुंबईला पाठवला.

मग चौकशी बसली. मॅनेजर, दोन इंजिनिअर, एक कारकून टिपणं घ्यायला, आणि समोरच्या खुर्चीत अमेरिकन. मला दाराशी बसवलं होतं. मॅनेजरने विचारलं, आदल्या दिवशी त्या माणसाला तपासलंस का? तपासलं, तो म्हणाला. किती वाजता? आठवेना. कुठल्या पायावर उभं केलं? आठवेना. इंजिनिअर एकमेकांकडे बघायला लागले. तो घाबरला की त्याची जीभ अडखळायची, आणि खुर्चीतून उठताना गुडघ्यामुळे तोल गेला.

"प्यायला आहेस का?" मॅनेजर म्हणाला. आणि मग माझ्याकडे वळून, "सिस्टर, तू त्याला रोज बघतेस. पितो ना हा?"

"नाही," मी म्हणाले. "हे पीत नाहीत. कधीच नाही."

"मग एवढा मार लागलेला माणूस ह्याने वर कसा जाऊ दिला?"

मी नवऱ्याचा विचार केला. कपाटातल्या दोन पासपोर्टांचा विचार केला. आणि गप्प बसले.

तेव्हा अमेरिकनने खिशातली वही काढली. पानं उलटली, त्या दिवसाचं पान सापडलं, आणि त्याने ते वाचलं. मला माझ्या जागेवरून दिसत होतं, एकच ओळ होती. ती काय असणार ते मला ठाऊक होतं: सिस्टर म्हणाली, ठीक आहे. त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं. त्याच्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. एका क्षणात त्याला सगळं कळलं होतं. मग त्याने वही मिटली, खिशात घातली आणि म्हणाला, "मला आठवत नाही."

सेफ्टी ऑफिसर साइटवर नशेत होता असा रिपोर्ट टाइप झाला. वर्तमानपत्राची घडी करावी तशी त्याची चार वर्षं घडी करून ठेवून दिली. त्या देशात दारूच्या आरोपावर कुणी वाद घालत बसत नाही, पुढच्याच विमानाचं तिकीट हातात देतात.

जायच्या आदल्या दिवशी तो क्लिनिकात आला आणि नेहमीसारखा बर्फ मागितला. मी पिशवी दिली नाही. मी त्याच्यावर ओरडले. मला वाचवायला मी सांगितलं होतं का तुम्हाला? वहीत लिहिलं होतं ते वाचून दाखवायचं होतं! तुम्ही कोण माझे?

तो स्टुलावर बसला आणि जमिनीकडे बघत म्हणाला, "माझ्या उजव्या हाताचा तो माणूस. सात वर्षांत त्याने कोचला एकदाही सांगितलं नाही. एकदा तरी सांगायला हवं होतं."

"मग तुम्ही का नाही माझं सांगितलं?"

"सवय, सिस्टर," तो म्हणाला.

मग मी बर्फ दिला. तो पिशवी विरघळेपर्यंत बसला. उठताना त्याने विचारलं, तुमचं नाव काय? चार वर्षं रोज माझ्याकडे येत होता तो माणूस. मी नाव सांगितलं, त्याने ते वहीत लिहून घेतलं. नंतर त्याची काहीच बातमी आली नाही.

दोह्यात तेव्हा चर्च नव्हतं. शुक्रवारी कुणाच्या तरी घरी पडदे ओढून प्रार्थना व्हायची, आणि कधीमधी पाहुणा म्हणून एखादे फादर यायचे. तसे एक आले तेव्हा मी पापनिवेदन केलं. सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि दहा वेळा 'नमो मरिया' म्हणायला सांगितलं. दहा! मी ते म्हटले आणि त्या आठवड्यात माझा राग आणखीच वाढला. एका माणसाची अर्धी बाजू गेली, दुसऱ्याची अब्रू गेली, आणि माझी सुटका दहा प्रार्थनांत?

पुढच्या वर्षी सुट्टीवर आले तेव्हा नवऱ्याला न सांगता पाटणला गेले. घर शोधायला वेळ लागला नाही, दुबईवाला कुठे राहतो म्हणून विचारलं की कुणीही सांगत होतं. त्यांच्या लेखी दोहासुद्धा दुबईच. तो सोप्यात खाटेवर बसला होता, डावा हात मांडीवर पडलेला. मला बघून त्याचा चेहरा उजळला आणि तो बायकोला काही तरी सांगायला लागला. मला ते समजलं नाही, तिने समजावून दिलं.

"तुमचंच नाव काढत्यात सारखं. म्हंत्यात, तिथं आपली म्हणून एक बाई हुती. सायबाम्होरं माज्याकडनं बोलली."

मला बसायला पाट दिला, चहा दिला. निघताना तिने कुंकू लावलं. मी ख्रिस्ती, पण तिने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. मी पदर पसरला आणि ती सुपातून ओंजळीने तांदूळ घालायला लागली. घालता घालता म्हणाली, "त्यो गोरा दारू पिऊन हुता म्हनं. त्याच्यापायीच ह्येंची ही गत झाली. त्याचं कदी भलं व्हायाचं न्हाई."

तिथे मात्र मला राहवलं नाही. मी म्हणाले, "नाही हो! तो माणूस दारू प्यायला नव्हता. त्याने मला दोनदा विचारलं. ह्यांना अंधारी येत होती हे मला माहीत होतं, आणि मी ठीक आहे म्हणून सांगितलं. मी खोटं बोलले. ह्यांची ही गत माझ्यामुळे झाली. त्याला शिव्या देऊ नका, मला द्या."

तिची ओंजळ हवेत थांबली. खाटेवरच्या माणसाने तोंड भिंतीकडे फिरवलं. मला वाटलं, आता ती सूप बाजूला ठेवील आणि मला हाकलून देईल, आणि खरं सांगते, मला तेच हवं होतं. पण भरायला घेतलेली ओटी कुणी अर्धी सोडत नाही. तिने ओंजळीतले तांदूळ घातले, राहिलेल्या दोन ओंजळी घातल्या, वर खण ठेवला, नारळ ठेवला. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

मग नवऱ्याला ऐकू जाऊ नये म्हणून अगदी हळू आवाजात म्हणाली, "सांगाय नगं हुतं, बाई. तिथं एक तरी मानूस आपलं हुतं, ह्येच्यावर त्येंचा दीस निघत हुता."